मदत हवी आहे: महामार्गावर कोण कधी वळेल याचा नेम नाही, बाईक कशी चालवावी?

मंडळी, माझा धाकटा भाऊ भुसावळहून जळगावच्या एमआयडीसीत १२५ सीसी बाईकवर ये-जा करतो. सकाळचं ठीक असतं, पण अंधार पडल्यावर तो घरी येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागलेला असतो.

सगळ्यात जास्त भीती कापसाच्या ट्रॉल्यांची. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला. त्यात समोरच्याने अप्पर मारला की ट्रॉलीचं फाळकं अगदी जवळ गेल्यावरच दिसतं. रिक्षावाल्यांचंही तेच. कडेला कुणी हात दाखवला की इंडिकेटर न देता गाडी सरळ डावीकडे घेतात. राँग साइडने येणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आयएसआय मार्कचं हेल्मेट तो पट्टा लावूनच घालतो. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेव, रात्री त्याहून जास्त, हे मी त्याला बजावलंय. पण अंतर ठेवलं की मधे दुसरा कुणीतरी घुसतोच! अशा वेळी काय करावं?

बाईकला सीबीएस आहे, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. केवळ त्यासाठी गाडी बदलावी का? माझं मत बदलावी असंच आहे, पण बजेट तंग आहे.

रात्री रोज बाईक चालवणाऱ्या भावांनो, ताईंनो, अशी ट्रॉली लांबूनच कशी ओळखता? रिफ्लेक्टरच्या जॅकेटचा खरंच फरक पडतो का?