महासाथीतील शारीरिक शिक्षण शिक्षकांची चिंता : प्रश्नावलीत काय विचारावे?

नेरुळची विद्यार्थिनी :
नमस्कार. मी एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. कोरोनाच्या काळात ठाणे जिल्ह्यातील शाळांत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या शिक्षकांना जाणवलेली चिंता हा विषय मी लघुप्रबंधासाठी घेतला आहे. चिंता मोजण्यासाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी वापरावी, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. ती वाचल्यावर मला असे वाटले की हे प्रश्न बँकेतल्या कर्मचाऱ्यालाही जसेच्या तसे विचारता येतील. मैदानावरच्या शिक्षकाची काळजी वर्गातल्या शिक्षकापेक्षा वेगळी होती का, आणि असल्यास ती कोणत्या प्रश्नांतून बाहेर येईल? त्या वर्षांत प्रत्यक्ष शिकवत असलेल्यांनी कृपया लिहावे.

कोपरीचे क्रीडाशिक्षक :
ताई, विषय चांगला आहे; आम्हाला हे आजवर कुणी फारसे विचारलेले नाही. आजाराची भीती सर्वांनाच होती, घरात वृद्ध आईवडील असलेल्यांना अधिक होती. त्यात क्रीडाशिक्षक म्हणून वेगळे असे काही नव्हते.

वेगळे होते ते काम. गणिताच्या शिक्षकाला उत्तर वहीत दिसते, आम्हाला ते मुलाच्या शरीरात पाहावे लागते. गुडघा आत वळतो आहे, श्वास रोखून धरला आहे, ओठ कोरडे पडले आहेत, एवढे दिसले की शिटी वाजवून थांबवायचे, ही आमची सारी विद्या. ऑनलाइन तासिकेत निम्म्या मुलांचे कॅमेरे बंद, उरलेल्यांचे फक्त कपाळ दिसे. कळव्यातल्या चाळीतल्या खोलीत गुळगुळीत फरशीवर, मोजे घालून एखादे मूल उड्या मारत असले, तर तासिका माझी आणि पडले तर जबाबदारीही माझीच. त्यामुळे बहुतेकांनी व्यायाम हलका करत करत शेवटी सूर्यनमस्काराच्या चित्रफिती पाठवण्यापर्यंत आणला. पालकांना वाटले की सर काम टाळत आहेत. प्रत्यक्षात न दिसणाऱ्या मुलाला इजा होईल या धास्तीने सर रात्री जागे असत.

दुसरी गोष्ट सांगायला जरा संकोच वाटतो. वेळापत्रक आखडले तेव्हा पहिली कात्री आमच्या तासिकेला लागली. शालेय स्पर्धा बंद, त्यामुळे दहावीच्या क्रीडा सवलत गुणांसाठी पालकांचे फोन येत आणि उत्तर आमच्याकडे नसे. मैदान बंद असूनही शाळेचे काही अडत नाही, हे सर्वांना दिसत होते, आणि पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरते तेव्हा, आपण अतिरिक्त ठरू हा विचार आजाराच्या बातमीपेक्षा जास्त छळत असे. तुमच्या प्रश्नावलीत ‘या काळात आपल्या विषयाची शाळेला गरज उरली नाही असे वाटले का?’ हा प्रश्न अवश्य ठेवा.

शाळा उघडल्यावर चिंता संपली, असेही समजू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवी ते बारावीची मुले परतली, तेव्हा पूर्वी मैदानाला सहज फेऱ्या मारणारी मुले पहिल्याच फेरीत धापा टाकत होती. कोणाला घरी कोरोना होऊन गेला होता, हे पालक सांगतीलच असे नव्हते. जोमदार व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्येच सांगितले होते, तर शाळेत ती काढू देऊ नये असा आम्हाला आदेश होता. मग करायचे काय? आम्ही मुलांना चालवले, आणि मनात धाकधूक ठेवून चालवले.

वाशीतील समुपदेशक :
सरांनी आशय सांगितला आहे, मी साधनाविषयी लिहिते. जीएडी-७ मध्ये विचारले जाते ते मागील दोन आठवड्यांविषयी. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात, एकूण २१. ५, १० आणि १५ या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम आणि तीव्र चिंता मानतात. म्हणजे आज ही चाचणी भरून घेतली, तर आजची चिंता मोजली जाईल, २०२० ची नाही. प्रश्नांत ‘तेव्हा’ हा शब्द घालून ती मागच्या काळाला लावली, तर तिची प्रमाणितता उरत नाही. शिवाय ती चाळणी आहे, निदान नव्हे. गुण जास्त आले म्हणून कोणाला विकार आहे असे प्रबंधात लिहू नका.

त्या काळाच्या आठवणी मुलाखतीतून घ्या आणि आठवणीला खुंट्या द्या : २५ मार्च २०२० ची टाळेबंदी, पहिली ऑनलाइन तासिका, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा उघडणे, जानेवारी २०२२ मध्ये त्या पुन्हा बंद होणे आणि २४ जानेवारीपासून सुरू करण्यास मिळालेली परवानगी. या शेवटच्या टप्प्यावर निर्णय स्थानिक प्रशासनाकडे होता आणि ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत, त्यामुळे शाळा कोणत्या हद्दीत होती हेही नोंदवा.

माझ्याकडे आलेल्या क्रीडाशिक्षकांबाबत एक निरीक्षण सांगते, ते सर्वांना लागू होईल असा दावा नाही. झोप न लागणे, मान आखडणे, छातीत धडधडणे यांना ते ‘सराव सुटल्यामुळे’ असे म्हणत. ‘चिंता वाटते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे ठाम उत्तर येई. २०२० मध्ये तयार झालेल्या कोरोनाभयाच्या मापनश्रेणीत धडधडीचा प्रश्न आहे, पण तो विषाणूच्या विचाराशी जोडलेला आहे, त्यामुळे सरांनी सांगितलेली धास्ती तिच्यातही निसटेल. म्हणून आधी शरीराविषयी विचारा, मनाविषयी नंतर. मुलाखतीत कोणी अस्वस्थ झाले, तर देण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा. तेथे मराठीतून बोलता येते.

घणसोलीकर :
वरची चर्चा नोकरीत टिकलेल्यांची आहे. मी स्वयंअर्थसहाय्यित शाळेत मानधनावर होतो. मैदान बंद झाले तसे मानधनही बंद झाले, लेखी पत्र वगैरे काही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकच सांगितला आहे, मग संस्था त्याला टिकवतील कशाला? माझ्या ओळखीचे काही जण नंतर सोसायट्यांच्या व्यायामशाळांत लागले, एक जण अजून घरपोच सामानाची गाडी चालवतो. तुम्ही शाळांकडून शिक्षकांची यादी घेणार असाल, तर ज्यांना सर्वांत जास्त झळ बसली तेच तिच्यात नसतील.

नेरुळची विद्यार्थिनी :
सर्वांचे आभार. मार्गदर्शकांपुढे आता असा प्रस्ताव ठेवते : जीएडी-७ फक्त सद्यःस्थितीसाठी, २०२० ते २०२२ साठी टप्प्यांनुसार मुलाखत, आणि अनुदानित, विनाअनुदानित व शाळा सोडलेले असे तीन गट. तिसऱ्या गटापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र सुचत नाही.

घणसोलीकर :
खो-खो आणि कबड्डीच्या पंचांकडे विचारा. नोकरी गेली तरी रविवारची पंचगिरी बहुतेकांनी सोडलेली नाही.

कोपरीचे क्रीडाशिक्षक :
हे खरे आहे. फक्त शालेय स्पर्धांच्या दिवसांत कोणाला मुलाखत मागू नका; दिवाळीची सुटी लागल्यावर या, तेव्हा सगळे निवांत बोलतील. संस्थाचालकांच्या परवानगीने शाळेतच मुलाखती घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या, कारण मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी बसून कोणीही ‘अतिरिक्त ठरण्याची भीती वाटली’ असे सांगणार नाही.