१९५३ ला विमान कंपन्या सरकारने घेतल्या नसत्या, तर जळगावला रोज विमान असतं का?

मेहरूणकाठ (जळगाव):
परवा तलावावर फिरताना एक मित्र म्हणाला, "१९५३ ला सरकारने विमान कंपन्या घेतल्या तिथंच घोळ झाला. टाटांच्या हातात राहिलं असतं तर जळगावहून सकाळ-संध्याकाळ विमान उडालं असतं." हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही.

टाटांबद्दल आदर आहेच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, तेही सरकारी अनुदान न घेता. पण १९५३ ला सरकारने घेतलं ते सगळंच काही टाटांच्या तोडीचं नव्हतं. महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमानं स्वस्तात निघाली, परवानेही सढळ हाताने वाटले गेले, आणि ज्याच्याकडे पैसा त्याने कंपनी काढली. कंपन्या गरजेपेक्षा जास्त झाल्यात, हे विमान वाहतुकीची चौकशी करणाऱ्या १९५० च्या राजाध्यक्ष समितीनेच सांगितलं होतं. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा ९९ विमानं हाती आली, त्यांतली ७४ डाकोटा. स्वतःच धापा टाकणाऱ्या कंपन्या जळगाव-धुळ्याकडे वळल्या असत्या? लहान गावाला सरकारच्या पाठबळाशिवाय विमान मिळत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

गोंदूर रोड (धुळे):
काका, कंपन्या तोट्यात होत्या हे मान्य. पण तोट्यातली कंपनी सांभाळणं वेगळं आणि दुसऱ्या कुणाला धंद्यात उतरूच न देणं वेगळं. १९५३ च्या कायद्याने नियमित प्रवासी विमानसेवा दोन सरकारी महामंडळांच्या हाती गेली आणि तो कायदा रद्द झाला १९९४ ला. चाळीस वर्षं! त्या चाळीस वर्षांत खान्देशाच्या पदरात काय पडलं ते सांगा. लहान गावांसाठी म्हणून १९८१ ला वायुदूत ही सरकारी विमान कंपनी काढली, तीही १९९३ ला इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली.

लहानपणी आम्ही सायकली घेऊन गोंदूरच्या धावपट्टीकडे जायचो, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं बघायला. विमानात आपण बसू असं कुणाच्या मनातही नव्हतं. २००३ ला कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली, तिकिटं खाली आली. नोकरीच्या मुलाखतीला मी पुण्याहून दिल्लीला विमानाने गेलो. आमच्या घरातला विमानात बसलेला पहिला माणूस मी. हे खाजगी कंपन्यांमुळे झालं.

मेहरूणकाठ:
पुण्याहून गेलास ना भाऊ, धुळ्याहून नाही. माझा मुद्दा तोच आहे. धंदा खुला करताना १९९४ ला सरकारला नियमच घालावा लागला, की मोठ्या मार्गांवर उडणाऱ्यांनी ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप इथंही ठरावीक प्रमाणात विमानं न्यायची. आपणहून कोण जात होतं? आणि जळगावला प्रवासी विमान आलं ते डिसेंबर २०१७ मध्ये, लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत. अर्ध्या जागा ठरावीक दरात, कंपनीची तूट सरकार भरून देणार.

रावेरची केळी:
दोघांचं वाचलं. माझा अनुभव सांगतो. आईचं मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं. सहा तास बसवणार नाही म्हणून विमानाचं तिकीट काढलं. आदल्या रात्री मोबाइलवर मेसेज आला की उड्डाण रद्द. पैसे परत मिळाले, पण आईला घेऊन रात्रीच्या गाडीत चढताना जे हाल झाले ते मी विसरणार नाही. मला सरकारी-खाजगी कळत नाही. आज आहे अन् उद्या नाही, असलं विमान काय कामाचं? आमची केळी तर सावदा-रावेरहून रेल्वेनेच दिल्लीला जातात, परदेशात जाणारी थंड कंटेनरमधून बंदरावर. एवढं वजन विमानाला परवडत नाही. आम्हाला विमान लागतं ते माणसासाठी, अन् तेही भरवशाचं.

गोंदूर रोड:
दादा, तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. पण याचं मूळ त्या अनुदानातच आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०२३ ला उडानचा हिशेब मांडला. ७७४ मार्ग दिले, सुरू झाले ३७१, अनुदानाची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि अनुदान संपल्यावर टिकले फक्त ५४. पैसा थांबला की विमान थांबतं. १९५३ ला टाटांकडून घेतलेली एअर इंडिया सरकारने वर्षानुवर्षं पोसली आणि शेवटी जानेवारी २०२२ मध्ये टाटांच्याच हवाली केली. १८,००० कोटींच्या त्या व्यवहारात १५,३०० कोटी तर नुसत्या कर्जाचे होते. हा पैसा तुमचा-माझाच होता ना?

भुसावळ लोको (निवृत्त):
मुंबईला जायला आपल्याकडे रेल्वे आहे, म्हणून विमान रिकामं जातं. ज्या मार्गाला सोयीची गाडी नाही तिथं विमान द्या. २०२४ पासून फ्लाय-९१ कंपनीची जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे अशी सेवा सुरू झाली, ती मला जास्त शहाणपणाची वाटते.

मेहरूणकाठ:
लोकोसाहेब, पुण्याचं पटलं. गोंदूरवाल्या भाऊ, कॅगचे आकडे मीही वाचलेत, पण मला त्यात वेगळं दिसतं. तीन वर्षांत लोकांना सवयच लागत नाही. सातपुड्यातल्या पाड्यावर एसटी तोट्यात जाते, तिला कुणी तीन वर्षांची मुदत घालत नाही. जळगावच्या धावपट्टीवर एटीआरसारखं सत्तरेक जागांचं विमान उतरतं, तेवढंच दहा वर्षं ठरल्या वेळेला चालवा. आणि उड्डाण रद्द झालं तर कंपनीने त्याच दिवशी गाडी करून माणूस पोचवायचा, ही अट करारात घाला. रावेरच्या माउलीसाठी एवढं तरी आपण मागायला हवं. खासदारांना निवेदन द्यायचं म्हणतोय मी. तू सही करशील का?

गोंदूर रोड:
दहा वर्षांच्या अनुदानावर नाही करणार. गाडीच्या अटीवर करतो.