७२ दात्यांचा स्विस म्युझिक बॉक्स: खालच्या सुरांत खरखर, शिवाय नाशिकच्या पावसाळ्यात ठेवायचा कसा?

गोदाकाठ
अक्रोडाच्या गाठीचं व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर), ७२ दाते, ३ धुना, वय साधारण ३० वर्षं. उंच सूर स्वच्छ, पण खालच्या ८-१० दात्यांवर सूर लागायच्या आधी 'झर्र' असा आवाज येतो. चावी पूर्ण दिली तरी धून रेंगाळते. गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) काढून साफ करावा का? पावसाळ्यात काचेच्या शोकेसमध्ये ठेवला तर चालेल? पुढची खरेदी १९व्या शतकातल्या सिलिंडर बॉक्सची करायचा विचार आहे, त्यात आधी काय तपासावं?

चावीवाला
गव्हर्नरला आत्ता हात लावू नका. बाकीचं सगळं नंतर.

स्प्रिंगमध्ये ताण असताना गव्हर्नर सैल झाला तर, दाते छेडणाऱ्या पिना ज्यावर असतात त्या सिलिंडरला अडवणारं काहीच उरत नाही. एक-दोन सेकंदांत तो भन्नाट फिरतो, पिना वाकतात आणि दात्यांची टोकं तुटून बॉक्सभर उडतात. नंतर दुरुस्ती म्हणजे नवे दाते बसवणं आणि सिलिंडरला नव्याने पिना मारणं, तीही या कामातल्या मोजक्या कारागिरांकडूनच. तुमच्या बाबतीत धोका जास्त आहे, कारण रेंगाळणारा बॉक्स वाजून थांबला म्हणजे स्प्रिंग उतरली असं नसतं. तेल गोंदासारखं चिकट झालं की ताण शिल्लक असतानाच तो थांबतो. 'चावी जास्त दिली म्हणून अडकला' असं दुकानात सांगतात तेव्हाही बहुतेकदा दोष या वाळलेल्या तेलाचाच असतो.

आता खरखर. आधी बॉक्स वाजत असताना झाकण, बिजागरी आणि आतली काच बोटाने एकेक करून दाबा. आवाज थांबला तर दोष लाकडात किंवा स्क्रूमध्ये आहे, स्क्रू जपून आवळला की झालं. नाही थांबला तर डँपर. जाड दात्यांच्या टोकाखाली बारीक तार असते. पुढची पिन येण्याआधी ती दात्याला टेकून त्याचं कंपन थांबवते. तार वाकली किंवा तुटली की पिन थरथरत्या दात्यालाच लागते आणि 'झर्र' होतं. बाजूने टॉर्च मारून पाहिलंत तर कुठली तार रेषेबाहेर आहे ते दिसेल. पाहा फक्त, चिमटा घालू नका. कंगवा (सगळे दाते असलेली स्टीलची पट्टी) एकदा काढला तर तो केसभराच्या फरकाने पुन्हा जुळवावा लागतो, आणि ते घरी जमत नाही.

तांबट_लेन
रेंगाळण्याचं काम गावातला चांगला घड्याळजी करू शकतो, पण त्याला दोन गोष्टी आधी बजावा: स्प्रिंग पूर्ण उतरवल्याशिवाय गव्हर्नर काढायचा नाही, आणि कंगव्याचे स्क्रू सोडायचे नाहीत. जुनं तेल धुतल्यावर घड्याळाचं तेल फक्त गव्हर्नरच्या टोकांना आणि वर्मला (त्यातल्या मळसूत्री दांड्याला), तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. पिना आणि दाते कोरडेच हवेत. स्प्रे मारलात तर सगळी धूळ तिथे जाऊन चिकटेल.

पितळ काळवंडलं म्हणून कुणी चिंच किंवा पावडर लावून चमकवून देतो म्हणाला तर बॉक्स उचलून घरी या. ती पूड पिनांच्या मुळाशी बसते आणि निघत नाही. उघड्या बोटांनी कंगव्यालाही हात नको, घामाच्या मिठाने दोन दिवसांत गंजाचा ठिपका येतो.

सिडको_श्रोता
ठेवण्याबद्दल. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावी, शोकेसमध्ये छोटा हायग्रोमीटर ठेवा. जून ते सप्टेंबर १०० ग्रॅम सिलिका जेल, पण बॉक्सच्या आत नाही, शेजारी वाटीत. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. डांबरगोळ्या नकोत, वाफ पॉलिशवर बसते. गोदावरीच्या पुराचं पाणी शिरतं त्या सराफ बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर बाकी सगळं सोडा, आधी वरचा मजला शोधा.

शोकेस नवीन एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असेल तर सावध. एमडीएफ आणि ओक लाकडातून आम्लाची वाफ येते आणि खालच्या सुरांच्या दात्यांखाली शिशाची वजनं असतात. त्यांवर पांढरी भुकटी धरते, मग सूर बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका, व्हिनिअर उचललं जातं.

ऐकताना बॉक्स सागवानी किंवा शिसवी टेबलावर थेट ठेवा. खाली मखमल घातली की निम्मा आवाज तिथेच मेला.

चावीवाला
जुन्या बॉक्सबद्दल. जिनिव्हाच्या आंत्वान फाव्रने १७९६ मध्ये घंटांऐवजी सुरात लावलेल्या स्टीलच्या पात्या वापरायची युक्ती मांडली. पुढे सँत-क्रुआ हे स्विस गाव या धंद्याचं केंद्र झालं. या यंत्रकारागिरीला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. बाजारात निकोल फ्रेर, पायार, मेर्मो ही जुन्या उत्पादकांची नावं दिसतील, पण नावाला पैसे मोजू नका, कंगवा आणि पिना यांना मोजा. सुंदर पेटीत थकलेलं यंत्र बसवलेले नग पुष्कळ फिरतात.

विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा: प्रत्येक धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न तोडलेल्या व्हिडिओत, दात्यांच्या टोकांचा वरून फोटो, सिलिंडरवर तिरका उजेड पाडून फोटो, धुनांचा छापील कागद आणि तळपट्टीवरचा क्रमांक. सगळ्या पिना एकाच दिशेला किंचित झुकलेल्या हव्यात. एखाद्या पट्ट्यात त्या आडव्या झोपलेल्या दिसल्या तर तो बॉक्स एकदा सुसाट सुटलेला आहे. दोन धुना एकमेकींत मिसळून वाजत असतील तर धून बदलताना सिलिंडर बाजूला पुरेसा सरकत नाहीये. तो दोष त्यामानाने बरा, भावात घासाघीस करता येते.

हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचाचं जडावकाम असेल तर घेऊच नका. वन्यजीव कायद्यात अडकाल.

कुरिअरने मागवताना बॉक्स धून संपलेल्या जागी थांबवायला सांगा आणि स्प्रिंग उतरलेली हवी. धुनेच्या मध्ये थांबला तर दाते पिनांवर ताणलेले राहतात आणि एका धक्क्यात टोक जातं. दुहेरी खोका, सगळीकडून ५ सेंमी फोम.

गोदाकाठ
काच दाबल्यावर फरक पडला नाही. टॉर्चमध्ये डावीकडून तिसऱ्या आणि सहाव्या दात्याखालची तार बाजूला कललेली दिसते.

चावीवाला
म्हणजे डँपरच. घड्याळजीकडून फक्त गव्हर्नरची सफाई करून घ्या. त्या दोन तारा कंगव्याचं काम येणाऱ्या माणसासाठीच राखून ठेवा. तोवर महिन्यातून एकदा तिन्ही धुना पूर्ण वाजवायला हरकत नाही.