जॅझ की फोकस? जुनी गाडी घेतोय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये लंडनजवळ स्लाउला राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. नवरा आठवड्यातून दोन-तीनदा एम40 मोटरवेने ऑक्सफर्डला जातो. बाकी शाळा, किराणा आणि अधूनमधून लेस्टरला नणंदेकडे. मे महिन्यात सासू-सासरे पुण्याहून येताहेत, त्यामुळे आता गाडी घ्यायचीच आहे. बजेट साडेपाच हजार पौंड, त्यापुढे जाता येणार नाही.

दोन गाड्या पाहून ठेवल्यात. होंडा जॅझ 2012 ची, 1.4 पेट्रोल, ऑटोमॅटिक, 68,000 मैल, डीलर 5,300 म्हणतो. दुसरी फोर्ड फोकस 2013 ची, 1.0 इकोबूस्ट (फोर्डचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन), मॅन्युअल, 74,000 मैल. ती एका गृहस्थांची घरची गाडी आहे, 3,900 ला देतील. नवऱ्याला फोकस आवडली आहे. माझं भारतातलं लायसन्स इथे वर्षभरच चालतं आणि ते वर्ष संपत आलंय, म्हणून मीही आता शिकवणी लावणार आहे. काय करावं?

— स्लाउहून

*

ताई, नमस्कार.

माझं मत फोकसला. एम40 वर नेहमीची ये-जा असेल तर फरक लगेच कळतो. फोकस रस्ता घट्ट धरते, सीट चांगल्या आहेत, आतला आवाज कमी आहे. जॅझ गावात छान, पण मोटरवेवर सत्तरच्या वेगात टायरांचा आवाज बराच येतो. फोकसचं इंजिन तीन सिलिंडरचं, लिटरभराचं असलं तरी टर्बोमुळे ओढ भरपूर आहे. 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं या इंजिनाला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर मिळालं होतं.

रोड टॅक्सही बघा. मार्च 2001 ते मार्च 2017 मधल्या गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर ठरतो आणि किलोमीटरमागे 120 ग्रॅमच्या वर गेलं की तो एकदम वाढतो. फोकस त्याच्या आत बसते, जॅझ बसत नाही. शिवाय वाचलेले चौदाशे पौंड हाताशी राहतील.

— रेडिंगहून

*

ताई, रेडिंगच्या दादांनी चालवण्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे. फोकस चालवायला सरसच आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या गाडीत ती नवी असताना कशी होती यापेक्षा मधल्या वर्षांत तिची निगा कुणी आणि कशी राखली, हे मला मोठं वाटतं. म्हणून आधी कागद.

गव्हर्नमेंटच्या साइटवर नंबर प्लेट टाकली की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. पास-नापास बघून थांबू नका, खालच्या ॲडव्हायझरी, म्हणजे पास करतानाही लिहिलेले इशारे, वाचा. एकच ॲडव्हायझरी तीन-तीन वर्षं तशीच येत असेल, उदाहरणार्थ मागचे ब्रेक पाइप गंजलेत, तर मालक फक्त पास होण्यापुरता खर्च करत होता. दरवर्षीचे मैल एकाखाली एक लिहून काढा. मध्येच आकडा कमी झालेला दिसला तर तिथेच सोडा. कंपनीने दोष काढायला परत बोलावलेलं (रिकॉल) काही राहिलाय का तेही त्याच साइटवर कळतं. गाडीवर कुणाचं कर्ज बाकी आहे का, याची तपासणी मात्र पैसे देऊन करावी लागते; ती करा. लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, नाव असतं ते रजिस्टर्ड कीपरचं, म्हणजे गाडी ज्याच्याकडे असते त्याचं. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

आता फोकसचा खरा प्रश्न. या 1.0 इंजिनाचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) इंजिन ऑईलमध्येच भिजत फिरतो, म्हणून त्याला वेट बेल्ट म्हणतात. ऑईल चुकीच्या ग्रेडचं पडलं किंवा बदलायला उशीर झाला तर रबर झिजतं, त्याचा भुगा खाली ऑईल ओढणाऱ्या जाळीत अडकतो आणि वरच्या भागांना ऑईल पोचेनासं होतं. मग बेल्ट तुटायचीही गरज नसते, इंजिन तसंच जातं. कंपनीच्या वेळापत्रकात हा बेल्ट 10 वर्षं किंवा 1,50,000 मैल, जे आधी येईल तेव्हा बदलायचा आहे. 74,000 मैल बघून निवांत होऊ नका. गाडी 2013 ची आहे, म्हणजे मुदत 2023 मध्येच संपली. बदलल्याची पावती असेल तर दाखवायला सांगा. ‘झालंय बहुतेक’ हे उत्तर चालणार नाही. हे काम बरंच खोलाखोलीचं आहे. गॅरेजवाले हजार पौंडांच्या आसपास सांगतात, म्हणजे दादांनी धरलेल्या चौदाशेतले बरेचसे तिथेच गेले.

जॅझच्या 1.4 ला बेल्टऐवजी चेन आहे, ही काळजी नाही. तिचे दोष वेगळे. डिकीतलं कार्पेट उचला, खालच्या खोलगट जागेत हात घालून बघा. या मॉडेलमध्ये मागच्या सांध्यांतून पाणी शिरतं. ओल किंवा कुबट वास आला तर डीलरला तसं स्पष्ट सांगा. गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलणारा ऑटोमॅटिक, आहे. थंड गाडी सुरू करून हळूच पुढे न्या, हादरे देत निघाली तर गिअरबॉक्सचं फ्लुइड कधी बदललं ते विचारा. दोन्ही गाड्या बघायला जाताना आधीच सांगून ठेवा, ‘गाडी गरम करून ठेवू नका.’ थंड इंजिनावर जे ऐकू येतं ते नंतर दबतं.

लायसन्सचं विसरू नका. तुम्ही ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवायची परवानगी मिळत नाही. मॅन्युअलवर शिकणार असाल तर फोकसवर सराव होईल, पण टेस्टची तारीख मिळायलाच महिने लागतात. सासू-सासरे घरी, नवरा ऑक्सफर्डला आणि दारातली गाडी तुम्हाला चालवता येत नाही, असं होऊ देऊ नका.

जागेचं सांगतो, कारण हे मला फार आवडतं. जॅझची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली आहे, त्यामुळे मागच्या सीटची बैठक उभी वर दुमडते आणि तळापासून छतापर्यंत मोकळी जागा होते. मंडळाची गणपतीची मूर्ती आम्ही तशीच उभी आणतो, आडवी करावी लागत नाही. हीथ्रोवरून मात्र पाच माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका खेपेत दोन्हींपैकी कशातच मावणार नाहीत. त्या दिवशी मला फोन करा, मी माझी गाडी घेऊन येतो.

— हेजचे काका

*

काका, दादा, मनापासून आभार.

काल संध्याकाळी दोन्ही इतिहास वाचले. फोकसच्या मैलांत गडबड नाही, पण पुढच्या टायरांबद्दल दोन वर्षं तोच शेरा. बेल्टचं विचारलं तर गृहस्थ म्हणाले, ‘आमच्याकडे असताना बदललेला नाही, आधीचं माहीत नाही.’ खरं सांगितलं, बरं वाटलं. जॅझला सर्व्हिसचे शिक्के दरवर्षीचे आहेत. डिकी कोरडी आहे का ते शनिवारी बघू. मी ऑटोमॅटिकवरच शिकायचं ठरवलंय. नवरा थोडा नाराज आहे, पण बेल्टचं वाचून त्याचाही विचार बदललाय.

एक शंका आहे. डीलरकडून घेतली आणि महिन्याभरात काही निघालं तर?

— स्लाउहून

*

ताई, डीलर असेल तर कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 तुमच्या बाजूने आहे. विकताना असलेला मोठा दोष पहिल्या 30 दिवसांत निघाला तर गाडी परत करून पैसे मागता येतात. त्यानंतर आधी दुरुस्ती मागता येते. घरगुती विक्रेत्याकडून घेतलं तर हे संरक्षण नाही, गाडी वर्णनाप्रमाणे असली म्हणजे झालं. जाहिरातीचा फोटो आणि डीलरशी झालेले मेसेज जपून ठेवा.

आणि गाडीबरोबर जुना रोड टॅक्स येत नाही. विमा आणि टॅक्स दोन्ही आपल्या नावावर झाल्याशिवाय तिथून गाडी बाहेर काढू नका. विम्याचे कोटेशन शुक्रवारीच काढून ठेवा, लर्नर म्हणून तुमचं नाव घालून. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे, टॉर्च घेऊन येतो.

— हेजचे काका