टाळू दुभंगलेल्या अनाथ पिल्लाला नळीने दूध पाजण्याबद्दल मदत हवी आहे (डिचोली, गोवा)

नमस्कार. आमच्याकडे कुत्र्याचं एक नर पिल्लू आहे. वय साधारण आठवडाभर, वजन आज सकाळी ३४० ग्रॅम. त्याची टाळू जन्मतःच दुभंगलेली आहे आणि आई नाही. आई आमच्या वाड्यावरचीच गावठी कुत्री. व्याल्यावर दोनतीन दिवसांतच रात्री साखळीच्या रस्त्यावर गाडीखाली गेली. शेजारच्या घराच्या मागे पावसासाठी रचून ठेवलेल्या लाकडांच्या आडोशाला पिल्लं सापडली. तिघं धडधाकट आहेत, ती शेजारच्या मावशींकडे बाटलीने पितात. हा चौथा माझ्याकडे. मुलं त्याला बाबलो म्हणतात.

टाळूचं कसं कळलं ते सांगते. बाटलीचं निपल तोंडात दिलं की तो चोखायचा भरपूर प्रयत्न करी, पण दूध आत जायच्या ऐवजी डाव्या नाकपुडीत पांढरा बुडबुडा यायचा, तो फुटायचा आणि मागोमाग शिंक. टॉर्च धरून तोंड उघडून पाहिलं. वरचा ओठ चांगला आहे, हिरडीही चांगली आहे. पण त्यामागून थेट घशापर्यंत टाळूच्या मधोमध भेग आहे. तिच्या कडा गुलाबी, आत काळोख. जीभ वर दाबली की दूध त्या भेगेतून सरळ नाकात चढतं. ओठ फाटलेला नसल्यामुळे बाहेरून पाहून काही म्हणजे काही कळत नाही.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून शांतपणे सांगितलं की अशी पिल्लं बहुधा फुफ्फुसात दूध जाऊन दगावतात, तुम्ही कायमच्या झोपेचं इंजेक्शन देण्याचा विचार करा. त्यांचा राग नाही, त्यांनी अशी बरीच पाहिली असतील. पण हा ऊब शोधत सरपटतो, भूक लागली की घर डोक्यावर घेतो, बोट लावलं की जोर करून चोखतो. मला त्याला एक खरी संधी द्यायची आहे. मी हे सांगितल्यावर त्यांनीच नळीने कसं पाजायचं ते करून दाखवलं.

आता काय चाललं आहे ते सांगते. फार्मसीतून लहान बाळांची इन्फंट फीडिंग ट्यूब आणली आहे, आठ नंबरची. पिल्लांच्या दुधाची पावडर आहे, लेबलवर आहे तशीच कालवते. दर तीन तासांनी ६ मिली, रात्रीसुद्धा. मी आणि घरचे आळीपाळीने उठतो. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शी-शू करवून घेते. पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला साधा पिवळा बल्ब लावला आहे. पण डिचोलीतला आषाढ तुम्हाला माहीत आहे, वीज जाते ती जातेच. मग गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवते.

अडतं ते इथे. वजन दोन दिवस हललेलं नाही. भीतीमुळे दूध वाढवायला हात धजत नाही. नळी पोटातच गेली आहे हे दर वेळी नक्की कसं ओळखायचं? डॉक्टरांसमोर जमलं, रात्री तीनला एकटी असताना छातीत धडधडतं. अशी नळी किती आठवडे चालवायची, आणि पुढे तो खाणार कसा? ऑपरेशन किती वयाला करतात आणि गोव्यात कुठे विचारू?

शेजारच्या आजी म्हणतात, आईला गाभण असताना ग्रहण लागलं म्हणून असं झालं. मला त्यावर वाद घालायचा नाही, पण खरं कारण काय असतं? बाकीच्या तिघांना पुढे काही निघेल का?

आणि एक प्रश्न, लिहायला जड जातो आहे. त्याला त्रास होतो आहे आणि आता थांबावं, हे कशावरून ओळखायचं? माझ्या हट्टापायी त्याचे हाल व्हायला नकोत.

प्रतिसाद, फोंड्याहून

ताई, मी असं एक पिल्लू वाढवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. या वयात शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला निदान २० कॅलरी लागतात. तुमच्या ३४० ग्रॅमला साधारण ७० झाल्या. लेबलप्रमाणे कालवलेल्या पावडरीच्या दुधात एका मिलीला जवळपास एक कॅलरी असते. तुम्ही ६ मिली आठ वेळा देता, म्हणजे ४८. तो वाढत नाही कारण त्याला पुरत नाही, एवढंच. पोट एका वेळी शंभर ग्रॅममागे ४ मिलीपर्यंत घेतं, म्हणजे १३ च्या आसपास त्याची हद्द. तेव्हा ७० कॅलरींसाठी आठ वेळा लागणारे ९ मिली त्याला जड नाहीत. एकदम नको, आज ७, उद्या ८ असं जा. पोट टणक फुगलं किंवा शी पातळ झाली तर एक पायरी खाली या. रोज एकाच वेळी तोला. जन्माच्या वजनाच्या ५ ते १० टक्के रोज वाढायला हवं.

पावडर संपली म्हणून गाईचं दूध देऊ नका. कुत्रीच्या दुधात प्रोटीन आणि चरबी गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असते, आणि गाईच्या दुधातली साखर पिल्लाला झेपत नाही. माणसाच्या बाळाच्या डब्यातल्या दुधातही प्रोटीन कमीच पडतं.

आता नळी. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत अंतर मोजा, त्याच्या पाऊण भागावर मार्करने खूण करा. पिल्लू वाढतं तशी खूण पुढे सरकते, म्हणून दर तीनचार दिवसांनी पुन्हा मोजायचं. पिल्लू पोटावरच, पाठीवर कधीही नको, मान सरळ, वर ताणलेली नाही. नळीचं टोक दुधात बुडवून जिभेवरून, तोंडाच्या डाव्या बाजूने खाली सरकवा. आपल्या पिल्लांच्या बाबतीत टोक वर गेलं तर भेगेतून नाकात शिरतं, म्हणून जीभ सोडायची नाही. नळी खुणेपर्यंत सहज गेली पाहिजे. मध्येच अडली तर ढकलू नका, बाहेर काढा आणि पुन्हा घाला. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: दहा दिवसांच्या आतल्या पिल्लाला उमासा किंवा खोकला येईलच असं नाही, म्हणून तो गप्प आहे याचा अर्थ नळी बरोबर आहे असा होत नाही. मी रिकामी सिरिंज लावून दट्ट्या हलकेच मागे ओढत असे. पोटात असेल तर दट्ट्या ओढ खातो, हवा सुळकन आली तर नळी श्वासनळीत असू शकते. शंका आली की काढायची आणि पुन्हा घालायची, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

दूध अंगाच्या उबेचं, ३७-३८ अंशांचं. दोनेक मिनिटं लावून सावकाश ढकला. काढताना नळी बोटांनी घट्ट चिमटून मगच ओढा, नाहीतर शेवटचे थेंब घशात सांडतात आणि तेच फुफ्फुसात जातात.

प्रतिसाद, मडगावहून

वरच्या ताईंनी पाजण्याचं छान लिहिलं आहे. मी पशुवैद्यक आहे, जास्त जोर उबेवर देईन. थंड पडलेल्या पिल्लाला कधीही दूध देऊ नका. पहिल्या आठवड्यात त्याचं अंग ३५ ते ३७ अंश असतं. ३४.५ च्या खाली गेलं की आतडी चालत नाहीत, दूध पोटात तसंच राहून उलटतं. डिजिटल थर्मामीटर शेपटीखाली लावून पाहत जा. खोक्यात आत्ता ३० अंशांच्या आसपास ऊब हवी, पण एकाच कोपऱ्यात, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. पावसात अंथरूण दमट होतं ते वारंवार बदला. थंड पिल्लू तास-दोन तास घेऊन हळूहळू उबेला आणायचं आणि मग पाजायचं.

ग्रहणाचा संबंध नाही. कुत्रीचा गाभणकाळ ६३ दिवसांच्या आसपास. त्यात चौथ्या आठवड्यात टाळूच्या दोन बाजू मध्ये येऊन जुळतात. तिथे काही अडलं की भेग राहते. कधी ते वंशातून येतं, कधी गाभण कुत्रीच्या खाण्यात फॉलिक ॲसिड कमी पडल्याने, कधी त्या दिवसांत पोटात गेलेल्या एखाद्या औषधाने. गजकर्णासारख्या बुरशीवर देतात ते ग्रिसिओफल्विन त्यांतलं एक. बाकी तिघांच्या टाळू टॉर्चने एकदा पाहून घ्या. आज चांगल्या असतील तर पुढे नव्याने भेग पडत नाही. मात्र बाबलोची, आणि शक्यतो त्याच्या भावंडांचीही, पुढे नसबंदी करा.

ऑपरेशन साधारण तीनचार महिन्यांचा झाल्यावर. त्याआधी तोंड एवढंसं असतं, टाके धरायला मांस पुरत नाही आणि भूलही जोखमीची. टाळूच्या दोन्ही बाजूंची त्वचा मोकळी करून मध्ये ओढून शिवतात. टाके कधी उसवतात, दुसऱ्यांदा करावं लागतं, हे मनात धरून चला. तुमच्या हिशेबाने ते दिवाळीच्या सुमाराला येईल. पणजीला टोंक इथल्या सरकारी पशुवैद्यकीय इस्पितळात आत्ताच तोंडाचे फोटो दाखवून ठेवा. दक्षिणेत कुडचड्याला गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट आहे, तिथेही विचारा. तोंडाची अशी शस्त्रक्रिया करणारा सर्जन गोव्यात मिळाला नाही तर मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोटो पाठवून सर्जनशी बोलून घ्या, एवढा प्रवास उगाच नको.

नळी साधारण तीनचार आठवडे. दात दिसू लागले की खाण्याकडे वळवा, पण पेज किंवा पातळ खिमट नको, ते दुधासारखंच नाकात चढतं. पिल्लांचं कोरडं खाणं थोड्या पाण्यात मऊ करून, हातात गोळी धरेल इतकं घट्ट, एकेक दाणा द्यायचा. घट्ट घास जिभेवरून नीट मागे जातो. पाणी वाटीत नको. सशांसाठी मिळते तशी टोकाला गोळी असलेली बाटली खोक्याला टांगा, थेंब थेंब येतं. खाऊन झालं की नाक पुसायचं, भेगेत दाणा अडकला आहे का पाहायचं. जंताचं औषध दोन आठवड्यांचा झाला की सुरू करायचं, ते वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. सहा ते आठ आठवड्यांनी पहिली लस, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. मिशन रेबीजची माणसं गोव्यात वाड्यावाड्यांवर फिरून मोफत टोचतात, तेव्हा भावंडांचंही त्यातच होऊन जाईल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. श्वास घेताना छातीत खरखर किंवा बुडबुड, पोट आत ओढून श्वास, हिरड्या फिक्या किंवा निळसर, चोखण्याचा जोर जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. न्यूमोनिया लवकर धरला तर औषधाने बरा होतो. पण तो परत परत होत असेल, औषध चालू असूनही वजन रोज उतरत असेल आणि श्वासासाठीच त्याची सगळी ताकद जात असेल, तर थांबणं हीच त्याची सेवा आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्या अर्थाने खोटं नव्हतं. आज मात्र तुम्ही लिहिलेल्या एकाही ओळीत मला ती वेळ दिसत नाही. आरडाओरडा करणारं पिल्लू चांगलं.

प्रतिसाद, पेडण्याहून

एकच सुचवतो. त्याला भावंडांपासून तोडू नका. एकमेकांच्या अंगाची ऊब बल्बपेक्षा चांगली आणि वीज गेली तरी राहते. शिवाय चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं, एकटं वाढलेलं पुढे हात फोडतं. फक्त पाजल्यावर अर्धा तास त्याला वेगळं ठेवा, कारण भुकेली भावंडं एकमेकांचे कान आणि पोटाखालचं चोखत बसतात, चामडी सोलते.

धागाकर्तीचं उत्तर

तिघांचेही खूप खूप आभार. हिशेब वाचल्यावर जीव भांड्यात पडला. आज दुपारपासून ७ मिली सुरू केलं, पोट मऊ आहे, शी घट्ट पिवळी. सिरिंज मागे ओढून पाहण्याची रीत फार उपयोगी आहे, दट्ट्या खरंच ओढ खातो. थर्मामीटरवर ३६.२ आलं. मावशींच्या तिघांच्या टाळू पाहिल्या, अखंड आहेत. त्या म्हणाल्या, चारही तुझ्याकडेच ठेव, बाटलीने पाजायला मी येते. तेव्हा संध्याकाळी मोठं खोकं करते.

टोंकला सोमवारी फोटो घेऊन जाते. दोन गोष्टी अजून हव्यात. चवथीला घर माणसांनी भरतं, फटाके वाजतात. तोवर हा दीडदोन महिन्यांचा होईल आणि लस नुकती सुरू झालेली असेल; त्या दिवसांत चौघांना कुठे आणि कसं ठेवावं, हे कुणी अनुभवाने सांगेल का? आणि ती गोळीवाली पाण्याची बाटली म्हापसा किंवा पणजीत कुठल्या दुकानात मिळते?