लस आणि लॉकडाऊन: तेव्हा तुम्ही काय तोललंत?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर घरोघरी हा विषयच मिटला. आता कधी निघालाच तर बोलणं दोन टोकांचं होतं. कुणी म्हणतं लस म्हणजे विष, कुणी म्हणतं शंका घेणारे सगळे अडाणी. मला ओळखीची जी माणसं आठवतात, ती या दोन्हींत बसत नाहीत. म्हणून हा धागा. एकीकडे नव्या लसीची धास्ती, दुसरीकडे बंद शाळा, बुडालेलं काम, न भेटलेली माणसं. तेव्हा तुम्ही कशाला किती वजन दिलंत? बाजू कोणतीही असू दे, फक्त स्वतःच्या घरातलं लिहा. फॉरवर्ड नकोत.

सुरुवात मी करते. ११ मार्च २०२१ रोजी डेन्मार्कने अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस थांबवली आणि पाठोपाठ युरोपातले बरेच देश थांबले. रक्तात गुठळ्या होतात आणि रक्त गोठायला मदत करणारे प्लेटलेटही घसरतात, अशी विचित्र जोडी काही जणांत दिसली होती. नेमका त्याच सुमारास माझ्या आईचा नंबर लागला. तिचं वय सत्तरीच्या पुढे, त्यात मधुमेह. मी तिशीतली. भीती दोघींनाही सारखीच वाटत होती, धोका मात्र सारखा नव्हता. हे मला कळलं ते एप्रिलमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या विंटन सेंटरने काढलेल्या तक्त्यामुळे. साथीचा जोर कमी धरला, तर १६ आठवड्यांत साठीतल्या दर लाख माणसांमागे लसीमुळे आयसीयूतले १४.१ प्रवेश टळणार होते आणि लसीमुळे गंभीर इजा ०.२ जणांना होणार होती. विशीतल्यांसाठी हेच आकडे ०.८ आणि १.१ होते, म्हणजे पारडं उलटं. पण साथ भडकलेली असेल तर विशीतही टळणारे प्रवेश ६.९ वर जात होते. लस तीच, आणि उत्तर वयावर आणि बाहेर किती संसर्ग आहे यावर बदलत होतं. त्याच हिशेबाने ब्रिटनने आधी तिशीच्या आतल्यांना आणि मे महिन्यात चाळिशीच्या आतल्यांना वेगळी लस द्यायचं ठरवलं. डेन्मार्कने तर ती पूर्णच बंद केली, कारण तिथे साथ आटोक्यात होती आणि हाताशी दुसऱ्या लसी होत्या.

आईने ती लस घेतली. मी वेगळ्या लसीसाठी थांबले आणि तोवर बाहेर पडणं जवळजवळ बंद ठेवलं. थांबणंही फुकट नव्हतं, एवढंच मला सांगायचंय.

*

माझं काम लोक जमण्यावर चालतं: लग्नं, समारंभ, ध्वनियोजना. लॉकडाऊन लागला आणि सगळं शून्यावर आलं. हाताखालच्या मुलांना काय सांगायचं कळेना. मला लसीची भीती वाटलीच नाही, कारण तेवढी चैन परवडत नव्हती. जी मिळेल ती, मिळेल तेव्हा घेतली. ज्यांना घरून काम करत पगार मिळत होता त्यांनी "अजून वर्षभर थांबून पाहू" म्हणणं आणि मी म्हणणं, यात फरक आहे. तो कुणी फारसा बोलून दाखवत नाही.

*

मी आयसीयूत परिचारिका आहे. लस यायच्या आधीची लाट आणि नंतरची लाट, दोन्ही पाहिल्या. नंतरही खाटा भरल्या, पण भरणारी माणसं बदलली. आमच्याकडे तरी बहुतेक लस न घेतलेले, नाही तर खूप वयस्क किंवा आधीच आजारी असलेले होते.

तरी शंका घेणाऱ्यांना मी कधी झिडकारलं नाही. लस घेतल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसानंतर न थांबणारं डोकं दुखू लागलं, धूसर दिसू लागलं, टोचल्याच्या जागेपासून दूर बारीक लाल-जांभळे ठिपके उठले, धाप लागली, तर अंगावर काढू नका, हे मी प्रत्येकाला सांगायचे. गुठळ्यांचा हा दुष्परिणाम ओळखता आला तर उपचार बदलतो. एरवी गुठळ्यांसाठी सर्रास देतात ते हेपॅरिन इथे टाळायचं असतं आणि इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) द्यायचं असतं. दुष्परिणाम लपवून विश्वास वाढत नाही. नावानिशी सांगितला की माणूस वेळेवर येतो.

लॉकडाऊनबद्दलही लिहायला हवं. त्याने आम्हाला उसंत मिळाली हे खरं. पण त्याच काळात छातीत दुखत असताना घरीच बसून राहिलेले, गाठ लागूनही तपासणी पुढे ढकललेले रुग्ण फार उशिरा आले. त्यांची मोजणी कुठल्याच रोजच्या आकड्यात नव्हती.

*

वरच्या ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. लस टोचण्याआधी माझ्याकडून संमतीपत्रावर सही घेतली, दुष्परिणामांचा कागद हातात दिला, अर्धा तास बसवून ठेवलं. शाळा बंद झाल्या तेव्हा असा कागद कुणी दिला नाही. युनेस्कोच्या हिशेबाने एप्रिल २०२० मध्ये जगभरातली दीडशे कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर होती. माझ्या वर्गातली एक मुलगी, अतिशय बोलकी, परत आली तेव्हा प्रश्न विचारला की खाली बघायची. अक्षरओळख असलेली मुलं जोडाक्षरांवर अडखळू लागली. काही आलीच नाहीत.

सुरुवातीचे काही आठवडे शाळा बंद ठेवणं मला पटलं होतं. विषाणूबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझा राग त्यानंतरच्या लांबणीवर आहे. लसीच्या लाखातल्या एका धोक्यावर महिनाभर चर्चा चालते आणि मुलांच्या नुकसानीवर बोलायला कुणाला वेळ नसतो, हे मला आजही सहन होत नाही.

*

माझ्या धाकट्या भावाला दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. वय एकोणीस. पहिल्या डॉक्टरांनी "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते प्रथिन) वाढलेलं निघालं आणि मायोकार्डायटिसचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं निदान झालं. बरा झाला, पण बरेच महिने खेळ बंद होता. मेसेंजर आरएनए लसींनंतर (फायझर, मॉडर्ना) तरुण मुलांमध्ये, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, क्वचित असं होतं हे नंतर सगळ्यांनीच मान्य केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने तिशीच्या आतल्यांसाठी आणि फिनलंडने तिशीच्या आतल्या पुरुषांसाठी मॉडर्ना थांबवलीही.

आम्ही लसविरोधी नाही. आजीने, आईबाबांनी, मी सगळे डोस घेतले. पण भावाबद्दल कुठेही बोललो की लोक "अफवा पसरवू नका" म्हणायचे. ज्याच्या घरात झालंय त्याने गप्प बसावं, अशी अपेक्षा का?

*

तुम्ही बोललात ते बरं केलंत. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून एक गोष्ट मांडते. चाचणीत ३०,००० लोकांना लस दिली आणि एखादी इजा एकालाही झाली नाही, तरी ती दहा हजारांत एकाला होत असण्याची शक्यता पुरती मिटत नाही. लाखात एक-दोघांना होणारी गोष्ट चाचणीत दिसणं जवळपास अशक्यच. ती लाखो लोकांना लस दिल्यावरच कळते, आणि कळते ती तुमच्या भावासारख्यांनी तक्रार नोंदवली म्हणून. चाचण्या घाईत उरकल्या म्हणून असं झालं नाही. टप्पे एकमेकांवर चढवले, निकालाआधीच उत्पादन सुरू केलं, त्यात वेळ वाचला.

१९७६ चं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. स्वाइन फ्लूच्या भीतीने अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली. गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार साधारण लाखात एकाला जास्तीचा झाला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. ते बरोबरच होतं, कारण साथ आलीच नव्हती. २०२१ मध्ये गुठळ्यांचा धोका साधारण तेवढाच होता, पण साथ दारात होती.

*

मी लस शेवटपर्यंत टाळली, मग प्रमाणपत्राशिवाय कामावर घेईनात म्हणून घेतली. माझा आक्षेप लसीपेक्षा सक्तीवर होता. डेल्टापासूनच दिसत होतं की लस घेतलेल्यांकडूनही संसर्ग पसरतो. ओमिक्रॉननंतर तर फारच. मग "इतरांसाठी घ्या" हे कारण तितक्याच जोरात सांगत राहणं मला अप्रामाणिक वाटलं. "तू स्वतः आयसीयूत जाऊ नयेस म्हणून घे" असं कुणी सरळ म्हणालं असतं, तर मी आधीच घेतली असती.

*

माझं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची, त्यामुळे दोन डोसनंतरही माझ्या रक्तात अँटीबॉडी जवळजवळ सापडल्या नाहीत. तिसऱ्यानंतर थोड्या आल्या. निर्बंध उठले त्या दिवशी सगळीकडे आनंद होता आणि माझा लॉकडाऊन त्या दिवसापासून आणखी कडक झाला. वरच्या दादांचं म्हणणं मला समजतं. लसीने संसर्ग पूर्ण थांबत नाही, पण काही काळ, काही प्रमाणात कमी होतो, आणि माझ्यासारखीला तेवढ्यानेही फरक पडतो. अजूनही दवाखान्यात जाताना मी मास्क लावते. शेजारी कुणी खोकत असेल तर त्यांनाही लावायला सांगते. बहुतेक जण लावतात.