सरकारविरुद्ध याचिका : परवान्यामागे पाच हजार द्यायचे का?

गल्ल्यावरून
परवा आमच्या बारमालकांच्या संघटनेचे दोघे पावतीपुस्तक घेऊन आले. परमिट रूमवरच्या व्हॅटविरुद्ध हायकोर्टात जायचंय म्हणे, परवान्यामागे पाच हजार. व्हॅट ५चा १० टक्के झाला, परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं, १४ जुलै २०२५ला राज्यभर बार बंद ठेवूनही झाले. चटका मलाही बसतोय. गिऱ्हाईक समोरच्या वाइन शॉपमधून क्वार्टर घेतं आणि गाडीत बसून पितं.

तरी मी पैसे दिले नाहीत. डान्सबारचं आठवा. २००५ला बंदी आली. 'आहार' ही हॉटेलवाल्यांची संघटना २००६ला हायकोर्टात जिंकली, २०१३ला सुप्रीम कोर्टातही. सरकारने २०१४ला पुन्हा कायदा केला. तो अडला, तर २०१६ला आणखी एक. त्यातल्या बऱ्याच अटी कोर्टाने २०१९ला उडवल्या. चौदा वर्षं! तोवर धंदा कुणाचा उरला होता?

कटिंगवाला
म्हणजे तुम्ही पैसे द्यायचे नाहीत, आणि उद्या निकाल लागला की व्हॅट मात्र तुमचाही कमी व्हायचा. छान आहे! डान्सबारवाले गेले नसते तर पहिल्याच दिवशी हरले असते. सरकारला निदान उत्तर द्यावं लागलं. बंदचं काय झालं? एका दिवसाचा गल्ला गेला.

जमाखर्च
कटिंगवाले, तावातावाने कोर्ट जिंकता येत नाही. कराचा दर किती असावा यात कोर्ट सहसा पडत नाही. त्यात आपला माल दारू. मद्यविक्री हा मूलभूत हक्क नाही, हे खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने केव्हाच सांगितलंय. मराठी पाट्यांचं तर ताजंच आहे. व्यापाऱ्यांची संघटना हायकोर्टात गेली, २०२२ला याचिका फेटाळली, वर २५ हजारांचा दंड. सुप्रीम कोर्टात २०२३ला ऐकावं लागलं की खटल्यावर पैसे घालता ते पाट्यांवर घाला. दोन महिन्यांत पाट्या लावा, असा आदेश निघाला.

कटिंगवाला
पाट्यांचा खर्च एकदाच. व्हॅट रोज रात्री गल्ल्यातून जातो. सारखं कसं?

दोन नंबर टेबल
मी देणारच होतो, पण आधी हिशेब हवा. मागे एका केससाठी आमच्याकडून दोन हजार घेतले होते. वकीलपत्रावर सह्या झाल्या. तारखेला कोण गेलं, केस दाखल तरी झाली का, आजपर्यंत पत्ता नाही. विचारलं की 'पुढच्या मीटिंगला सांगतो'. मीटिंगला वडापाव येतो, हिशेब येत नाही. वेगळं बँक खातं काढा, वकिलाची फी लेखी घ्या, केस नंबर ग्रुपवर टाका. पाच काय, सात देतो.

कटिंगवाला
हे पटलं. खात्याचं मीच विचारतो.

गल्ल्यावरून
विचाराच. मला दाखवलेल्या पुस्तकात 'सत्यनारायण पूजा' खोडून पेनाने 'कोर्ट केस' लिहिलं होतं.

दोन नंबर टेबल
शिक्का कुणाचा होता?

गल्ल्यावरून
पूजेचाच.